आवाज पलीकडच्या खोलीत

मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत ते माहितीपुस्तिका लिहायचे. वॉशिंग मशीन घ्या, पाण्याचा पंप घ्या, नाहीतर साधी इस्त्री घ्या, खोक्यातून जी पातळशी पुस्तिका निघते आणि जी कोणी उघडूनही बघत नाही, ती मास्तरांच्या हातची असायची. शेवटच्या पानावर अडचणींचा तक्ता. यंत्र चालू होत नसेल तर काय करावं, आवाज करत असेल तर काय करावं. त्यात पहिला उपाय ठरलेला, 'प्लग नीट लावला आहे का ते पाहा.' ऑफिसात कोणी ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं की ते तिथल्या तिथे टोकायचे, म्हणून त्यांना मास्तर नाव पडलं. ते इतकं चिकटलं की बायकोसुद्धा रागावली की "ऐका हो मास्तर" अशी सुरुवात करायची.

कंपनीनं जागा आवरती घेतली आणि लोकांना घरून काम करा म्हणून सांगितलं, तेव्हापासून मास्तरांच्या आयुष्यात हेडसेट आला. बिनतारी, काळा, कानांवर उशीसारखा बसणारा. तो चढवला की शेजारी भांडं पडलं तरी कळायचं नाही. बाहेरचं सगळं तो गिळून टाकायचा, आणि बरेचदा आतलंही. कधी समोरच्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा, कधी मास्तरांचा त्यांनाच परत ऐकू यायचा, कधी काहीच नाही, नुसती तोंडं हलताहेत.

मास्तर त्याच्या हात धुऊन मागे लागले. बॅटरी बघितली. ब्लूटूथ बंद करून चालू केलं. दूर राहणारी लेक फोनवरून सांगायची, "बाबा, जुनी जोडणी काढून टाका आणि नव्यानं जोडा." मग ते बायकोला सांगायचे, "जोडी मोडायची आणि परत लावायची, एवढाच उपाय आहे."

"आपली तेवढी मोडू नका," ती शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणायची.

त्यांना पायऱ्या पाठ झाल्या होत्या. मीटिंगच्या खिडकीत माइक वेगळा निवडायचा, ऐकायचं साधन वेगळं निवडायचं. एकटे असताना सगळं जमायचं. पण पडद्यावर चार चेहरे वाट बघत बसले की बाण भलतीकडेच जायचा, आणि "ऐकू येतंय का? हॅलो? एक मिनिट हं," यातच मीटिंगची पहिली काही मिनिटं जायची. इतक्या वर्षांत लोकांच्या यंत्रांच्या अडचणी सोडवलेला माणूस स्वतःच्या कानावरच्या यंत्रापुढे हात टेकायचा, याची त्यांना मनातून लाज वाटायची. ती बायकोला दिसायची.

ऑफिसातलं त्यांचं सख्खं असं एकच माणूस होतं, चित्रकार. पुस्तिकेतल्या आकृत्या हा काढायचा, मजकूर मास्तर लिहायचे. झाकण कुठे उघडतं, स्क्रू कुठे बसतो, बाण कुठे दाखवायचा यावर दोघं तासन् तास वाद घालायचे आणि मग एकाच डब्यातून जेवायचे. चित्रकार घरी यायचा तेव्हा दारातूनच "वहिनी, चहा!" अशी आरोळी. त्याच्या मुलीचे लहानपणीचे सगळे फ्रॉक मास्तरांच्या बायकोनं शिवले होते, आणि नको नको म्हणत असताना तो प्रत्येक वेळी आपल्या या वहिनीसाठी काहीतरी चित्र काढून आणायचा. त्यातलं एक, शिवणयंत्रावर वाकलेल्या बाईचं, अजून भिंतीवर होतं.

मास्तरांची बायको स्टुलावरून पडली ती पडदा काढताना. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली, आणि डॉक्टरांनी पाय जमिनीला लावायचा नाही म्हणून बजावलं. शिवणयंत्रावर कापड झाकलं गेलं. बाईमाणसाचे हात असे रिकामे पडले की दिवस खायला उठतो. मास्तर स्वयंपाक करायचे, तिला पुसून घ्यायचे, शौचाचं भांडं द्यायचे, आणि मधल्या वेळात ऑफिसचं काम. लेकीनं एक छोटा ब्लूटूथ स्पीकर पाठवला. मास्तरांनी तो तिच्या पलंगाजवळच्या फळीवर ठेवला आणि आपला लॅपटॉप त्याला जोडला. सकाळी कामाला बसायच्या आधी ते कुठलीतरी वाचून दाखवलेली कादंबरी लावून द्यायचे. कुणा परक्या बाईचा शांत आवाज खोलीत फिरत राहायचा आणि ती डोळे मिटून ऐकायची.

"मला हेडसेट लावायचा असला की हा बंद करायचा," त्यांनी तिला स्पीकरवरचं बटण दाखवलं होतं. "हा बंद झाला की आवाज आपोआप माझ्या कानात परत येतो. लक्षात ठेव, मी विसरेन."

त्या दिवशी ते विसरले, आणि ती झोपली होती.

दुपारी छोटी मीटिंग आहे असा साहेबांचा निरोप सकाळीच आला होता. साहेब म्हणजे मास्तरांच्या लेकीच्या वयाचा मुलगा, बोलायला गोड. मीटिंगला साहेब, चित्रकार आणि एचआरच्या एक बाई. "नवी पुस्तिका असेल," मास्तर म्हणाले. "एचआर कशाला ते कळत नाही. माझ्या नोकरीच्या मुदतवाढीचं असेल काहीतरी." त्यांनी कादंबरी थांबवली, इस्त्रीचा शर्ट घातला, खाली घरातलाच पायजमा ठेवला, केस विंचरले. तिला औषधाची गोळी दिली, आपला फोन तिच्या उशाशी ठेवला म्हणजे मध्येच वाजायला नको, आणि तिला त्रास नको म्हणून मधलं दार लावून घेतलं. बाहेरच्या खोलीचंही लावलं.

तिचा डोळा लागला होता. जाग आली ती कोणीतरी अगदी कानाशी बोलल्यामुळे.

"मास्तर, येतोय का आवाज?"

ती दचकली. खोलीत कोणी नव्हतं. मग फळीवरच्या स्पीकरचा निळा दिवा दिसला आणि तिच्या लक्षात आलं. भिंतीपलीकडून मास्तरांचा आवाज आला, दोन दारं ओलांडून, बारीक होऊन. "हॅलो? हॅलो? साहेब, तुमचे ओठ हलताहेत, आवाज नाही येत. एक मिनिट हं!"

तिला हसूच आलं. तिनं हाक मारली, "अहो! इकडे येतोय आवाज!"

पलीकडे काही हललं नाही. त्यांच्या कानांवर त्या दोन काळ्या उशा होत्या. तिनं पुन्हा हाक मारली, पलंगाची कड हातानं बडवली. "अहो मास्तर! माझ्या खोलीत येतोय!"

"परत तेच," स्पीकरमधून साहेब म्हणाले. "दर मीटिंगला हेच."

"माझ्याकडे इतका वेळ नाहीये हो," बाईंचा आवाज. "यानंतर मला अजून कितीतरी जणांना सांगायचंय आज."

"मग काय करायचं? फोन लावू त्यांना?"

"नको. फोनवरच्याचं रेकॉर्डिंग होत नाही. इथे चालू आहे. आपण वाचून दाखवायचं आणि मागाहून मेल पाठवायची. सांगितल्याची नोंद झाली म्हणजे झालं."

"पण त्यांना ऐकूच येत नाहीये."

"त्याला आपण काय करणार?"

तिचं हसू विरलं. साहेबांनी घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. गोड आवाज आता कागदासारखा कोरडा झाला होता. कंपनी पुस्तिका विभाग बंद करत आहे. यापुढे मजकूर नवं सॉफ्टवेअर तयार करेल. आकृत्यांचं आणि त्या सॉफ्टवेअरचं काम चित्रकार पाहतील. आपली सेवा या महिनाअखेरीस संपत आहे. आपण दिलेल्या योगदानाबद्दल कंपनी आपली आभारी आहे.

आणि भिंतीपलीकडून मास्तर म्हणत होते, "हां, हां, थांबा, हेडसेट बंद करून चालू करतो. झालंच."

एका माणसाची नोकरी जातेय, ती जातेय हे सगळ्यांना ऐकू येतंय, फक्त त्याला सोडून. तिला वाटलं उठावं, धावत जावं, दार लोटावं. पाय लाकडासारखा पडून होता. मग तिला बटण आठवलं. हा बंद झाला की आवाज माझ्या कानात येतो.

स्पीकर फळीवर, हात पोचेना. तिनं कोपरावर भार देऊन अंग सरकवलं तशी मांडीतून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पलंगाला टेकून तिची शिवणाची लाकडी पट्टी उभी होती, ती तिनं घेतली. पट्टीच्या टोकानं स्पीकर हळूहळू ओढत फळीच्या कडेला आणला, आणि तो खाली पडायच्या आत धरला. घामानं तिचा हात निसटत होता. बोट बटणावर ठेवलं.

"तुम्हाला काही बोलायचंय का?" साहेब विचारत होते. "तुम्ही त्यांच्या जवळचे."

हे चित्रकाराला होतं. ती थांबली. इतका वेळ तो एक शब्द बोलला नव्हता. आता बोलेल, तिला वाटलं. हा तरी म्हणेल की अहो, त्या माणसाला ऐकू तर येऊ द्या. हे मास्तरांनीही ऐकावं म्हणून तिनं बटण दाबायला बोट आवळलं.

"काय बोलणार साहेब?" चित्रकार म्हणाला, आणि मग हुबेहूब मास्तरांच्या आवाजात, तेच शब्द लांबवणं, तोच अनुनासिक सूर, "हॅलो? हॅलो? एक मिनिट हं! प्लग नीट लावला आहे का ते पाहा!"

साहेब फस्सकन हसले. बाईही हसल्या, दाबून दाबून, आणि मग न दाबता. आणि भिंतीपलीकडून मास्तरांचं हसणं आलं. पडद्यावर सगळे हसताना दिसले म्हणून तेही हसले होते, मोकळं, घरातल्यासारखं.

तिचं बोट बटणावरून आपोआप सुटलं.

"नाही, खरं सांगू का," चित्रकाराचा आवाज खाली आला, "झालं ते बरंच झालं. गेली दोन वर्षं त्यांच्या चुका मी निस्तरतोय. पानं उलटसुलट होतात, एकच वाक्य दोनदा येतं. तोंडावर सांगायचा धीर होत नाही. थकलेत ते."

तिनं तळवा स्पीकरच्या जाळीवर दाबून धरला, रडणाऱ्या पोराचं तोंड दाबावं तसा. त्यातूनही आवाज येतच होता. आता बटण दाबलं तर पुढचं जे काही असेल ते थेट त्यांच्या कानात जाईल. दाबलं नाही तर जाणार नाही. तिनं नाही दाबलं.

"चला," बाई म्हणाल्या, "हात हलवा आणि बाय करा."

"बाय, बाय!" पलीकडून मास्तर ओरडले. ऐकू येत नसलं की माणूस मोठ्यानं बोलतो. "पुढच्या वेळी नक्की दुरुस्त करून बसतो! सॉरी हं!"

दार उघडून ते आत आले तेव्हा हेडसेट गळ्यात होता आणि चेहऱ्यावर घाम. "झालं एकदाचं," ते म्हणाले. "काय बोलले कोणास ठाऊक. पण हसत होते सगळे, म्हणजे वाईट काही नसणार." मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. "अगं, तू अशी तिरकी कशी झालीस? दुखतंय का? हे काय, स्पीकर खाली कसा आला?"

"बसा इथे," ती म्हणाली.

"थांब, आधी उशी नीट करतो."

"बसा म्हणते ना. आवाज इथे येत होता, मीटिंगचा."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "अस्सं होय! सकाळचं कनेक्शन तसंच राहिलं! म्हणजे हेडसेटात काही बिघाड नव्हताच. मी उगाच त्याला बंद-चालू करत बसलो." त्यांचा चेहरा असा उजळला की तिला बघवेना. दोष सापडला की त्यांना नेहमीच असा आनंद व्हायचा. "मग? काय म्हणत होते?"

तिनं सांगितलं. आडवळण घेतलं नाही, कारण घेता आलंच नाही. विभाग बंद होतोय, महिनाअखेरपर्यंत, मेल येईल. बोलता बोलता तिनं त्यांचा हात धरला. तो गार पडत गेला.

बराच वेळ मास्तर गळ्यातल्या हेडसेटशी चाळा करत बसले. एक उशी फिरवायची, परत सरळ करायची.

"चित्रकार होता," ते शेवटी म्हणाले. "तो काही म्हणाला?"

तिला वाटलं होतं हा प्रश्न जरा उशिरा येईल. तोवर काहीतरी सुचेल. "त्यांना बोलवेना," ती म्हणाली. "साहेबांनी विचारलं, पण त्यांचा आवाज दाटून आला."

"आवाज दाटून आला?"

"हो."

"माणूस चांगला आहे," मास्तर म्हणाले. डोळे भरून आले होते, तरी त्या एवढ्याशा गोष्टीनं त्यांना कुठेतरी आधार मिळालेला तिला दिसला. "तो राहिला हे बरं झालं. त्याच्या मुलीचं शिक्षण व्हायचंय अजून." आणि ते चहा करायला उठले.

तिच्या मनात आलं, झालं, संपलं. पण रेकॉर्डिंगचं तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेल आली, आणि मेलच्या तळाशी मीटिंगच्या रेकॉर्डिंगची लिंक. आपोआप जाते ती, हजर असलेल्या प्रत्येकाला. मास्तरांनी दारातून डोकावून सांगितलं, "रेकॉर्डिंग आलंय. ऐकून घेतो एकदा. सहीबिही काय करायची ते कळेल."

"राहू द्या ना," ती म्हणाली. "मी सांगितलं की सगळं. कशाला परत जिवाला त्रास?"

"नाही गं, नीट ऐकायला हवं. आपण ऐकलंच नाही, असं कसं चालेल?" त्यांनी येऊन स्पीकर बंद केला. बटण नीट दाबून, दिवा गेल्याची खात्री करून. मग बाहेर जाऊन बसले. या वेळी दार उघडंच राहिलं. पलंगावरून तिला त्यांची पाठ दिसत होती आणि डोक्यावरची हेडसेटची काळी पट्टी.

हेडसेट त्या दिवशी उत्तम चालला.

तिला काही ऐकू येत नव्हतं. नुसती पाठ. सुरुवातीला ते मान डोलवत होते, आपण कोणाचं तरी म्हणणं ऐकतोय अशी. मग डोलणं थांबलं. मग एकाएकी ती पाठ ताठ झाली, कोणी मागून थंड पाणी ओतावं तशी, आणि तशीच राहिली. तिनं डोळे मिटून घेतले. परत उघडले तेव्हा ते हेडसेट काढून त्याची कड अंगठ्यानं पुसत होते.

ते आत आले. तिची चादर सारखी केली, पाण्याचा पेला जवळ सरकवला.

"ऐकलं," ते म्हणाले.

"मग?"

"तू म्हणालीस तसंच आहे. चित्रकाराला बोलवेना." ते खिडकीकडे बघत होते. "आवाज दाटून आला होता बिचाऱ्याचा."

दोघांनाही सगळं माहीत होतं, आणि दोघंही एकमेकांना जपत होते. त्या जपण्यानं खोलीतली हवा इतकी जड झाली की त्यापेक्षा भांडण परवडलं असतं असं तिला वाटलं.

महिना संपला. ऑफिसचा लॅपटॉप परत गेला. त्यानंतर एका सुट्टीच्या दिवशी दारात आरोळी आली, "वहिनी, चहा!" पण नेहमीपेक्षा बारीक. चित्रकार आला होता. हातात फळांची पिशवी. त्यानं तिच्या पायाची चौकशी केली, भिंतीवरच्या आपल्याच चित्राकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. तिनं उशीला टेकून बसत "या" म्हटलं.

चहा होईपर्यंत तो हवापाण्याचं बोलला. मग कप हातात धरून, न पिता, म्हणाला, "मास्तर, त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये... म्हणजे, मी काय म्हणत होतो..."

"कुठली मीटिंग?" मास्तर म्हणाले. "ती होय? अहो, हेडसेट बिघडला होता माझा. तुमचं एक अक्षर आलं नाही मला ऐकू."

"रेकॉर्डिंग आलं असेल ना."

"आलं. पण मी म्हटलं, आता काय ऐकायचं त्यात? मेल वाचली, सही केली, झालं. पुसून टाकलं."

तिनं चित्रकाराकडे बघितलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा तो सैल झाला. त्यानं चहा एका घोटात संपवला, अजून मागितला. मग गप्पा रंगल्या. नव्या सॉफ्टवेअरनं पंपाच्या पुस्तिकेत काय काय विनोद करून ठेवलेत ते त्यानं हात हलवून हलवून सांगितलं, मास्तरांनी एका वाक्याची रचना कशी असायला हवी ते बोटानं टेबलावर लिहून दाखवलं, आणि दोघं हसले. ती बघत राहिली. त्याच्या मोकळ्या हसण्याचा तिला इतका राग आला की हातातली बशी खाली ठेवावी लागली. आणि तरी तिला हेही दिसत होतं की हा माणूस सांगायला आला होता. उशिरा का होईना, आला होता. त्यांनी त्याला सांगू दिलं नाही.

तो गेल्यावर मास्तर कप उचलायला आत आले.

"का असं केलंत?" तिनं विचारलं. "माफी मागायला आला होता तो."

"माहीत आहे."

"मग मागू द्यायची होती!"

"मग मला ऐकावं लागलं असतं, की मी चुका करतो, आणि ते खरं आहे." त्यांनी कपात कप ठेवला. "खरं आहे गं ते. पानं उलटी लागायची माझी. मला कळायचं, पण आपण थोडक्यात निभावून नेलं असं वाटायचं. तो निस्तरत होता हे मला त्या दिवशी कळलं."

ती पलंगाच्या कडेकडे बघत होती, जिथून तिनं त्या दिवशी हात ताणला होता. आता न बोलणं तिला जड झालं. "मी बंद करू शकले असते," ती म्हणाली. "स्पीकर माझ्या हातात होता. बटणावर बोट होतं माझं. मी नाही दाबलं. म्हटलं, तुमच्या कानावर नको."

मास्तर कप तसेच धरून उभे राहिले.

"मला वाटलंच होतं," ते म्हणाले. "तो खाली तुझ्या हातात होता, त्यावरून." मग, आवाज अजिबात न चढवता, "दाबायला हवं होतंस."

"इतकं वाईट बोलत होते ते..."

"बोलू देत. ते हसले, तेव्हा मीही हसलो. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं ते, माझं हसणं. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलोय." त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. "तेवढं तरी झालं नसतं. आणि मला काहीतरी बोलता आलं असतं शेवटी. इतकी वर्षं काम केलं, जाताना काय म्हणालो? सॉरी म्हणालो. पुढच्या वेळी दुरुस्त करून बसतो म्हणालो."

"काय बोलला असतात?"

त्यांनी विचार केला. खराच केला. "माहीत नाही," ते म्हणाले. "पण बोललो असतो."

आणि मग ते तिच्या पलंगाच्या कडेला बसून रडले. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच, कप मांडीवर तसेच ठेवून. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माफ करा म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं, पण ते तिला फार सोपं वाटलं. तिनं नुसता हात ठेवला, आणि त्यांनी तो झटकला नाही, एवढंच.

त्यांना पुन्हा नोकरी लागली नाही. चार ठिकाणी अर्ज केले, दोन ठिकाणांहून उत्तरही आलं नाही. चित्रकाराचे फोन काही दिवस यायचे, मग सणकून कामं आली म्हणे त्याला, आणि फोन विरळ झाले. मास्तरांनी त्याला कधी नावं ठेवली नाहीत. तिनंही भिंतीवरचं चित्र उतरवायला लावलं नाही, पण पुढे हिंडूफिरू लागल्यावर पुसताना ती त्यावरून फडका फिरवायची नाही.

डॉक्टरांनी पाय टेकवायला परवानगी दिली तेव्हा मास्तरांनी तिला वॉकर आणला आणि स्वतः समोर उभे राहिले, हात पुढे करून, उलटी पावलं टाकत. "सावकाश. मी आहे." दाराच्या उंबऱ्याशी तिचा तोल गेला आणि तिनं त्यांचा खांदा धरला. हाताला खांदा लागायच्या आधी नुसतं कापडच लागलं. शर्टाची शिवण खांद्यावरून उतरून दंडापर्यंत आली होती. इतके दिवस पलंगावरून बघताना हे तिला दिसलं नव्हतं.

"किती बारीक झालात हो," ती म्हणाली.

"शर्ट सैल झालाय धुऊन धुऊन," ते म्हणाले.

ती शिवणयंत्रापर्यंत गेली आणि खुर्चीत बसली. त्यावरचं कापड काढलं, धूळ पुसली, तेल घातलं. मग त्यांना म्हणाली, "तुमचे सगळे शर्ट आणा इकडे. आत घेते." मास्तरांनी कपाटातून शर्ट काढून आणले आणि तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले. ती एकेका खांद्याला खडूनं रेघ मारून द्यायची आणि ते खाली मान घालून जुनी शिवण उसवायचे, एकेक टाका, कापड फाटू नये म्हणून अगदी जपून.